जुन्या मोटरसायकलचं कोळपणी यंत्र करताय? वेल्डिंगच्या आधी दाते मोजा

गेल्या दोन वर्षांत आमच्या भागात निम्म्या गावांनी भंगारातली हंड्रेड सीसी गाडी उचलून तिचं कोळपं, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार, बनवलंय, आणि त्यातली निम्मी यंत्रं आज गोठ्याच्या मागं गंजत पडलीत. कारण विचारलं की एकच उत्तर, "ताकद नाही राव गाडीत". खोटं आहे हे. ताकद भरपूर असते, गियरिंग चुकलेलं असतं. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ बघतो, त्यात जेवढ्या दात्यांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दिसतं तेवढंच आणून ठोकतो, आणि त्याचं चाक वेगळं, माती वेगळी, पीक वेगळं याचा विचारच करत नाही. मी पण हीच चूक करून बसलो होतो, त्यामुळं शहाणपणा शिकवत नाही, जे हात भाजून कळलं ते सांगतोय.

आधी ताकदीचा विषय मिटवून टाकू. सोयाबीनच्या १८ इंची पट्ट्यात तीन फासांचं (मातीत चालणाऱ्या पात्यांचं) हलकं कोळपं, चांगल्या वापशावर म्हणजे माती ना ओली ना कोरडी असताना, किती ओढ घेतं ते मी स्प्रिंगचा काटा मध्ये बांधून बघितलं, ५० ते ६० किलोच्या दरम्यान काटा नाचत होता. आता ६० किलोची ओढ आणि बैलाची चाल म्हणजे तासाला अडीच-पावणेतीन किलोमीटर, हा गुणाकार केला तर पाऊण हॉर्सपॉवरसुद्धा होत नाही. हंड्रेड सीसीचं इंजिन सातेक हॉर्सपॉवरचं असतं. म्हणजे प्रश्न एवढाच की इंजिन आपल्या आवडीच्या फेऱ्यांवर फिरत राहिलं पाहिजे आणि चाक मात्र बैलाच्या पायासारखं सावकाश गेलं पाहिजे. हे मधलं अंतर भरून काढायचं म्हणजेच रेशो काढायचा, बाकी सगळं फॅब्रिकेशन.

मोटरसायकलवर शेती ओढायची कल्पना तशी जुनी. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकांची जोडणी बसवली आणि त्याला औतं लावली, ती 'बुलेट सांती' सौराष्ट्रात चांगलीच चालली. पण बुलेट आणि आपली हंड्रेड सीसी यात फरक आहे, आपल्या इंजिनाला जास्त फेरे लागतात, त्यामुळं आपल्याला फेरे जास्त तोडावे, म्हणजे चाकापर्यंत कमी करावे लागतात.

आता मुद्द्याचं. गाडी खोलायच्या आधी, अखंड असतानाच, तीन मापं घ्यायची. नंतर घेता येत नाहीत म्हणून आधी.

पहिलं माप चाकाचा घेर. जे चाक शेतात वापरणार तेच, हवा भरून, माणूस बसवून, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करायची, गाडी ढकलत एक पूर्ण फेरा न्यायची, टेपने अंतर मोजायचं. माझं आलं १ मीटर ८५ सेंटीमीटर. टायरवर छापलेल्या आकड्यावरून हिशोब करू नका, गोटेवालं टायर असेल तर फरक पडतोच.

दुसरं माप, इंजिनाचे किती फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. त्यासाठी कुठलं मॅन्युअल लागत नाही. गाडी डबल स्टँडवर, प्लग काढलेला, मॅग्नेटच्या कव्हरवरचं मधलं गोल झाकण उघडलेलं. पहिला गियर टाका, एकाने मागचं चाक हाताने हळूहळू पुढच्या दिशेला एक पूर्ण फेरा फिरवायचं आणि दुसऱ्याने आतल्या नटाचे फेरे मोजायचे. मग दुसरा गियर, तिसरा, चौथा. माझ्या गाडीत पुढं १४ दाती आणि मागं ४२ दाती स्प्रॉकेट असताना पहिल्याला साडेपस्तीस, दुसऱ्याला १९, तिसऱ्याला पावणेचौदाच्या किंचित वर आणि चौथ्याला पावणेअकराला थोडे कमी असे आले. पोरगा मोजताना दोनदा चुकला, म्हणून तीनदा मोजलं, तुम्हीपण तीनदा मोजा.

तिसरं माप नाही म्हणता येणार, आवाज आहे. या गाड्यांना आरपीएमचा काटा नसतो ना, मग शेतात कळणार कसं इंजिन किती फेऱ्यांवर आहे? तर गाडी अजून रस्त्यावर चालण्यासारखी आहे तोवर चौथ्या गियरला बरोबर ३६ च्या स्पीडने चालवा आणि तो आवाज मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. वरच्या मापांनी हिशोब केला की हे साधारण ३५०० आरपीएम येतं. शेतात तोच आवाज ठेवायचा. त्याच्या बरंच खाली, अडीच हजारावर वगैरे, इंजिन हिसके देतं आणि चेन फटके खाते, आणि साडेचार-पाच हजारावर दिवसभर चालवलं तर पेट्रोलही जातं आणि इंजिनही तापतं. ३५०० ला थ्रॉटल अर्धंच उघडलेलं असतं, कुठं घट्ट माती आली तर पिळायला जागा उरते.

आता हिशोब. एकच सूत्र लक्षात ठेवा:

स्पीड (किमी तासाला) = इंजिनाचे आरपीएम ÷ एकूण रेशो × चाकाचा घेर मीटरमध्ये × ०.०६

एकूण रेशो म्हणजे तेच वरचं दुसरं माप, चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे. गाडी जशी आहे तशीच पहिल्या गियरला ३५०० वर चालवली तर ३५०० भागिले ३५.५, गुणिले १.८५, गुणिले ०.०६, म्हणजे ११ किमी. अकराच्या स्पीडने कोळपणार कोण, कोळपं हवेत जाईल आणि मागचा माणूस बांधावर.

मग आपल्याला किती पाहिजे? जमिनीवर खरी चाल अडीच किमी धरू. पण चाक शेतात घसरतं, हे कुणी हिशोबात घेत नाही. एक सोपी तपासणी आहे, ओढ लावून चाकाचे १० फेरे होऊ द्या आणि अंतर मोजा. माझं चाक न घसरता साडेअठरा मीटर जायला हवं होतं, गेलं साडेपंधरा. म्हणजे साधारण १५-१६ टक्के घसरण. काळ्या चिकण मातीत वापसा नीट नसेल तर याच्याही पुढं जाते, आणि तेव्हा मुळात शेतात जायचंच नसतं. तर अडीच किमी खरी चाल हवी तर हिशोबात २.९ धरायची. सूत्र उलटं फिरवा: २.९ भागिले ०.०६ भागिले १.८५, म्हणजे चाकाचे मिनिटाला २६ फेरे. ३५०० भागिले २६, एकूण रेशो हवा १३४ च्या आसपास. गाडीत पहिल्या गियरला आहे साडेपस्तीस. म्हणजे आहे त्यात अजून पावणेचार पट फेरे तोडायचे. हाच तो आकडा ज्यासाठी एवढा खटाटोप. माझा ३.७८ आला, तुमचा वेगळा येईल, यायलाच पाहिजे.

इथं लोकं काय करतात, मागचं स्प्रॉकेट मोठं करू म्हणतात. करा बरं. आधीच ३ चा रेशो आहे, त्याच्या ३.७८ पट म्हणजे ११.३, पुढं १४ दाते तर मागं १५९ दाती स्प्रॉकेट लागेल. ४२८ मापाच्या चेनला, जिची पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर असते, त्या स्प्रॉकेटचा व्यास येतो ६४ सेंटीमीटर. आणि चाकाचा व्यास आहे ५९. चाकापेक्षा स्प्रॉकेट मोठं, म्हणजे गाडी स्प्रॉकेटवरच चालणार! लेथवाल्या मिस्त्रींना मी पहिल्यांदा हेच सांगायला गेलो होतो, ते चहा पिता पिता म्हणाले, "भाऊ, नांगर पण दात्यांचाच करायचाय का?"

दुसरी पळवाट म्हणजे पुढं १४ च्या जागी १० दाती टाकायचं. रेशो मिळतो थोडा, पण चेन गोल चाकावरून नाही, दहा कोनांच्या तुकड्यावरून वळते, त्यामुळं प्रत्येक दात्याला चेनची स्पीड कमीजास्त होते. १४ दात्यांवर हा फरक अडीच टक्के असतो, १० वर पाच टक्के. हिसका दुप्पट. शिवाय स्प्रॉकेट लहान म्हणजे तोच जोर काढायला चेनवर ताण जास्त. १३ च्या खाली मी जात नाही, तुम्हीपण जाऊ नका.

म्हणून मार्ग एकच, मधला शाफ्ट. गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटवरून पहिली चेन मधल्या शाफ्टवर, आणि मधल्या शाफ्टवरच्या लहान स्प्रॉकेटवरून दुसरी चेन चाकावर. दोन टप्प्यांचे रेशो एकमेकांशी गुणले जातात, बेरीज नाही, गुणाकार, हे इतक्या वेळा सांगावं लागतं की बस. दोन्ही ठिकाणी चेनच आहे त्यामुळं फिरायची दिशा बदलत नाही. कुणी मध्ये गियरची जोडी टाकली तर गाडी मागं पळेल, आमच्या शेजारच्या गावात पळालीये.

माझा पहिला प्रयोग स्वस्तातला. दोन जुने चेन सेट होते, दोन्ही १४-४२ चे, ते तसेच दोन टप्प्यांत लावले, ३ गुणिले ३, नऊ. पाहिजे होता ११.३. वाटलं एवढ्या-तेवढ्याने काय होतंय. पहिल्या गियरला ३५०० वर ३.६५ किमी निघाली. आकडा वाचायला लहान वाटतो पण वीस दिवसांच्या सोयाबीनमध्ये त्या चालीला फासावरून माती उडून रोपांवर चढते. अण्णा मागून ओरडायले, "अरे बैल कधी पळताना बघितलास का कोळप्याला?" मग स्पीड कमी करायला मी हाफ क्लचवर चालवायला लागलो, आणि दोन दिवसांत क्लच प्लेटा काळ्या. चाल गियरिंगने कमी करायची असते, क्लचने नाही. तो क्लच बदलायला जेवढे पैसे गेले त्यात नवं स्प्रॉकेट कापून आलं असतं.

दुसऱ्यांदा हिशोबाने केलं. पहिला टप्पा १४-४२ तसाच ठेवला, दुसऱ्याला १४-५३ घेतलं. ३ गुणिले ३.७९, म्हणजे ११.३६. आता पहिल्या गियरला एकूण रेशो १३४, ३५०० वर २.९ किमी, घसरण वजा जाता अडीचच्या आत-बाहेर. दुसऱ्या गियरला ५.४, ते रिकामं फिरायला आणि पेरणीआधी हलकी पाळी घालायला चालतं. तिसऱ्याला साडेसात आणि चौथ्याला साडेनऊ, जास्त पिळलं तर तेरा-चौदापर्यंत जातं, शेतरस्त्याने घरी यायला पुरेसं आहे. काहीजण म्हणतात दुसऱ्या गियरला कोळपणीची चाल बसवा म्हणजे पहिला हातचा राखून राहतो. जड नांगरटीचं काम करणार असाल तर ठीक आहे, पण मग चौथ्याला पण तुम्ही बैलगाडीच्या चालीने घरी येणार. मी कोळपणीसाठीच बनवलंय, मला पहिला गियर तिथंच हवा होता.

मोठा रेशो मागच्या टप्प्यात का ठेवला, पुढच्यात का नाही, हे विचारणारा माणूस भेटला की मला बरं वाटतं. दुसऱ्या चेनवर ताण जास्त येतो, कारण तिथपर्यंत येता येता फेरे कमी झालेत आणि जोर वाढलाय. मागचं स्प्रॉकेट जेवढं मोठं तेवढा त्या चेनवरचा ताण कमी. चाकावर वजन समजा १२० किलो आणि मातीत पकड ७० किलोची. चाकाची त्रिज्या साडेएकोणतीस सेंटीमीटर, ५३ दाती स्प्रॉकेटची पावणेअकराच्या आत. ७० गुणिले २९.५ भागिले १०.७, म्हणजे चेनवर १९३ किलो. हेच मागं ४२ दाती असतं तर २४३. नव्या ४२८ चेनची तुटायची ताकद पावणेदोन टनाच्या आसपास असते, म्हणजे दोन्हीत चालून जातं, पण हिसके, धूळ आणि जुनी ताणलेली चेन हे सगळं धरलं की ५० किलोचा फरक हंगामभर टिकणार की नाही ते ठरवतो.

आणि एक लक्षात घ्या, चाक घसरतं म्हणून चेन वाचते. घसरण कमी करायला मागं वाळूची पोती बांधली किंवा लोखंडी दातेरी चाक लावलं आणि कोळपं एखाद्या दगडात नाहीतर पळाटीच्या (कपाशीच्या) खुंटात अडकलं, तर चाक घसरत नाही आणि इंजिनाचा सगळा जोर चेनवर येतो, तो दुसऱ्या टप्प्याला टनाच्या घरात जाऊ शकतो. पोती बांधायची असतील तर दुसऱ्या टप्प्याला ४२८ सोडून ५२० किंवा ५३० घ्या. त्यांची पिच १५.८७५ मिलिमीटर, म्हणजे स्प्रॉकेट पण त्याच मापाची दोन्ही, ४२८ च्या दात्यावर ५३० बसत नाही. बुलेटच्या भंगारात ५३० चं सामान मिळतं.

५३ च का, ५२ किंवा ५४ का नाही? हिशोबात तेच बसलं.  पहिल्या टप्प्याचं १४-४२ बाजारात तयार मिळतं म्हणून ठेवलं.

मधल्या शाफ्टला २५ मिमीचा ईएन-८ पोलादाचा बार, दोन्ही बाजूला पेडस्टल बेअरिंग, आणि ती बेअरिंग लांबट भोकांच्या पट्टीवर म्हणजे पुढं-मागं सरकवता येतील अशी. दोन चेन आहेत, दोन्ही वेगवेगळ्या ताणायच्या असतात, हे विसरून शाफ्ट थेट वेल्ड केला की पहिली चेन ढिली झाल्यावर काही करता येत नाही. क्रम असा: आधी शाफ्ट सरकवून पहिली चेन ताणायची, मग चाक सरकवून दुसरी. स्प्रॉकेट सरळ रेषेत आहेत का ते दोरी ताणून बघा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. मधोमध वरखाली बोटभर, म्हणजे २०-२५ मिमी झोल दोन्हीला पाहिजे.

चेन किती कड्यांची लागेल ते पण आधी काढता येतं. दोन शाफ्टमधलं अंतर दुप्पट करून पिचने भागा, त्यात दोन्ही स्प्रॉकेटच्या दात्यांची अर्धी बेरीज मिळवा, आणि एखादी कडी वर धरा. माझं मागचं अंतर ४५० मिमी, ९०० भागिले १२.७ म्हणजे ७०.९, त्यात साडेतेहतीस, आणि वरची एक, १०५ आणि थोडं. कड्या नेहमी सम संख्येत घ्यायच्या म्हणून १०६, आणि चाक साडेतीन मिमी मागं सरकवलं. विषम करायला अर्धी कडी मिळते, पण चेन तुटली की बहुतेक तिथंच तुटते, म्हणून मी ती घेत नाही.

ज्याचा रेशोशी थेट संबंध नाही पण जे यंत्र मारतं ते म्हणजे उष्णता. हे इंजिन वाऱ्यावर थंड होतं आणि अडीच किमीच्या चालीला वारा कुठून येणार. पुढं १२ व्होल्टचा छोटा पंखा लावा आणि दर तासाला थांबा. स्कूटरच्या इंजिनाला आतच पंखा असतो म्हणून काहीजण ते वापरतात, त्यांचा हिशोब वेगळा, त्यात बेल्टचं व्हेरिएटर म्हणजे रेशो आपोआप बदलणारी जोडणी असते. ऑइल रोज सकाळी बघायचं, बैलाला पाणी दाखवतो तसं.

चेनला जळकं ऑइल चोपडून शेतात नेऊ नका, धूळ चिकटून पॉलिश पेपर होतो. संध्याकाळी डिझेलने पुसा, मग हलकं ऑइल. २० कड्या नव्या असताना २५४ मिमी भरतात, २५९ भरल्या की चेन काढून टाका, नाहीतर नवीन ५३ दाती पण खाऊन टाकेल. आणि दोन्ही चेनवर पत्र्याचं कव्हर पाहिजेच, मधला शाफ्ट बरोबर मागच्या माणसाच्या हाताजवळ फिरतो. गमछा, धोतर, साडीचा पदर, काहीही ओढून घेतो. कव्हर बसवल्याशिवाय मी कुणाला यंत्र देत नाही, भावाला पण नाही.

आणि हो, पक्क्या रस्त्यावर आणू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं गाडीत असा बदल परस्पर करता येत नाही. आरसी चालू असलेली चांगली गाडी कापण्यापेक्षा भंगारातलीच घ्या, तिची नोंदणी रद्द करून घ्या, आणि शेतातच ठेवा.

सोयाबीनची पहिली कोळपणी पंधरा-वीस दिवसांवर, दुसरी तीस-पस्तीसच्या आत, फुलं लागली की बंद. म्हणजे पाऊस आणि वापसा धरून हातात जेमतेम आठ-दहा दिवस सापडतात. त्यात क्लच जाळत बसायला वेळ नसतो, म्हणून ही सगळी मापं मे महिन्यात, झाडाखाली गाडी उभी करून घ्या. स्प्रॉकेट कापायला टाकलं की मिस्त्री आठ दिवस सांगतो आणि पंधरा लावतो.